येमुलमामांचा तिसरा स्क्रीन

सोलापूर शहरातील तमाम नागरिकांना, माता-भगिनींना आणि विशेषतः साखर पेठेतल्या आमच्या गल्लीच्या रहिवाशांना अत्यंत गंभीरपणे जाहीर करण्यात येते की, ज्या माणसाने कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन ग्राफिक्स कार्डाची फक्त मागची बाजू बघितली आणि पुढच्या बाजूकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तो माणूस आता आपल्यात नाही. तो भिवंडीला मुलीकडे राहायला गेलेला आहे. तब्येत उत्तम आहे. कृपया कोणी हार आणू नयेत.

अशी घोषणा करायचा अधिकार मला आहे, कारण आमच्या भागात गणपतीपासून रक्तदान शिबिरापर्यंत माइक माझ्याच हातात असतो. पोटासाठी मी पतसंस्थेत बसतो, पण जगतो माइकवर. येमुलमामांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "काय अनाउन्सर, घसा काय म्हणतोय?" एवढंच. मी काही उत्तर द्यायच्या आत ते माझ्या शर्टाचा खालचा कोपरा उलटून बघत असायचे.

ही त्यांची खोड. कापड दिसलं की उलटायचं. मामा टॉवेलचे डिझायनर. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांचा जन्म गेला. पूर्वी आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून रंगवून फुलं काढायची, मग तेच काम कॉम्प्युटरवर आलं. पण कागद असो की काच, मामांचं एकच मत. "पुढची बाजू सगळ्यास्नी दाखवायची असती. कापड खोटं बोललं तर मागच्या बाजूला सापडतं." माणसांनाही ते हाच नियम लावायचे. कुणी येऊन गेलं की दारात उभं राहून त्याला वळणापर्यंत पाठमोरं न्याहाळायचे आणि मगच त्याच्याविषयी बोलायचे.

एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या आत्याच्या शालूचा पदर असाच उलटून बघितला. आत्याबाई किंचाळल्या. मांडव थबकला. मामा मात्र शांतपणे चष्मा सरकवत म्हणाले, "जरतार चांगली हाय." तेव्हा मागच्या रांगेतून मामी उठल्या आणि त्यांनी दिलेली समज माझ्या माइकशिवाय अख्ख्या मांडवात ऐकू गेली. "ओ, कापड बघा की कितीबी! ज्यात बाई हाय ते कापड तरी सोडा!"

मामींचं नाव अंबूबाई. आता या दाम्पत्याची एक रीत सांगतो, ती नीट लक्षात ठेवा. येमुलांच्या घरात सगळा व्यवहार तेलुगूत चालायचा. पाणी मागायचं तेलुगूत, देवाला हाक तेलुगूत, लेकीशी फोन तेलुगूत. मात्र भांडण मराठीत. मी एकदा विचारलं, असं का? मामा म्हणाले, "आपसात भांडून उपयोग काय? शेजाऱ्यास्नी कळाय नको, कोण बरोबर हाय ते?"

आणि भांडण रोज असायचं, कारण रोज काहीतरी नमुना घरी यायचा. मामांच्या घराला दोनच खोल्या, पुढची आणि आतली, आणि मधे एक बिनदाराची चौकट. नवा टॉवेल विणून आला की मामा तो त्या चौकटीत दोरीवर टांगायचे. मामी आत चुलीपाशी. त्या भाकरी थापता थापता लांबूनच बघायच्या आणि निकाल द्यायच्या. टॉवेल हातात घेऊन बघायचा नसतो, लांबून बघायचा असतो, हे त्या घरातलं शास्त्र. "काठ जड झालाय." "ही फुलं हायत का पकोडे?" मामा चिडायचे, ओरडायचे, "तुला काय कळतंय गं!" म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन काठ हलका करायचे. गल्लीला सगळं माहीत होतं. कारखान्याच्या सेठला तेवढं माहीत नव्हतं. तो मामांनाच हुशार समजायचा.

मग मामींना लकवा झाला.

उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. बोलणं येईल हळूहळू, त्यांच्याशी बोलत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मामा बोलत राहायचे. मामी अधूनमधून एखादा शब्द द्यायच्या, तोही तेलुगूच. 'नीळ्ळु' म्हणजे पाणी. 'चालु' म्हणजे पुरे. 'वद्दु' म्हणजे नको. तीन शब्दांत संसार. आतल्या खोलीत त्यांची कॉट अशी लावलेली की समोर ती चौकट, आणि चौकटीतून पुढच्या खोलीची भिंत. दिवसभर तेवढीच भिंत. आमच्या गल्लीत मराठी भांडण ऐकू येईनासं झालं. घड्याळ बंद पडावं तसं वाटायचं.

लेक भिवंडीला, बाळंतपणाच्या तोंडावर. कामाला बाई ठेवली तर ती टिकेना. मामांना घर सोडता येईना. सेठनं जुन्या ओळखीला जागून कारखान्यातला कॉम्प्युटर आणि दोन मॉनिटर टेम्पोत घालून घरी पाठवून दिले. "येमुल, घरीच बसून काम करा." मामा घरी बसले ते बसलेच. दूध आणायला कोपऱ्यापर्यंत, एवढीच त्यांची दुनिया.

त्या पुढच्या खोलीला ते 'खड्डा' म्हणायचे. "माझा बाप हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा. सकाळी उतरला की संध्याकाळीच वर. मी शिकलो, खड्ड्यातनं निघालो म्हणून त्यानं पेढे वाटले. आता बघ." समोर मॉनिटर, डावीकडे मॉनिटर, उजवीकडे कपाट, पाठीला भिंत. भेटायला येणाऱ्याला कपाट आणि टेबल यांच्यामधल्या स्टुलावर सरकावून बसवायचे आणि मग स्वतःची खुर्ची मागे घ्यायचे. झालं. आता मामा उठल्याशिवाय पाहुण्याची सुटका नाही. मी त्या स्टुलावर अडकून एकदा वक्तृत्व स्पर्धा बुडवली आहे. ते माझा गुडघा धरून टॉवेलच्या काठाविषयी बोलत बसायचे. पुढे मला उमगलं की खड्ड्यातल्या माणसाला वर कुणीतरी उभं असलेलं चालत नाही. तोही खाली आलेला बरा वाटतो.

संकट आलं ते परदेशी बाईंच्या रूपानं. सेठची एक मोठी गिऱ्हाईक, हॉटेलांना टॉवेल पुरवणारी, कॉम्प्युटरवरच मीटिंग घ्यायची. मामांना एका वेळी तीन गोष्टी सांभाळाव्या लागायच्या. पूर्ण टॉवेल, रंगांचा तक्ता आणि बाईंचा चेहरा. मॉनिटर दोन. मग ही खिडकी झाकून ती काढ, ती झाकून ही काढ. अशा धांदलीत त्यांनी एकदा टॉवेलच्या जागी भलतंच काहीतरी दाखवलं. पडद्यावर एक दणकट मनुष्य लकव्याच्या रोग्याचा हात वर-खाली करत होता. मामींच्या व्यायामासाठी लेकीनं पाठवलेला व्हिडिओ. परदेशी बाईंना वाटलं, टॉवेलची जाहिरात आहे. त्यांनी विचारलं, पण यात टॉवेल कुठं आहे?

सेठ हसला नाही. मीटिंग संपल्यावर त्याचा फोन आला. मी स्टुलावर होतो, त्यामुळे ऐकणं भाग होतं. "येमुल, पुढच्या मीटिंगला तीन स्क्रीन पाहिजेत. घरी जमत नसेल तर कारखान्यात येऊन बसा. इथं सगळी सोय आहे. नाहीतर मला दुसरा माणूस बघू दे."

मामांनी फोन ठेवला. चौकटीतून आत बघितलं. मामी भिंतीकडे बघत होत्या.

"अनाउन्सर," ते म्हणाले, "तिसरा स्क्रीन लावायला काय लागतं रे?"

आता मला खरं तर काही माहीत नव्हतं. पण माइक धरणाऱ्या माणसाला 'माहीत नाही' म्हणायची सवय नसते. मी छाती फुगवून म्हणालो, "ग्राफिक्स कार्ड! चांगलं दणदणीत!"

माझी बायको मामींजवळ बसली आणि आम्ही दोघं सात रस्त्याला गेलो. मामा कित्येक महिन्यांनी रिक्षात बसत होते. प्रत्येक दुकानाची पाटी मोठ्यानं वाचत होते. मॉनिटर आधी घेतला, ते चटकन झालं. मग दुकानदार अस्लमभाईंनी काउंटरवर कार्डाचं एक खोकं ठेवलं. त्यावर आग ओकणारा राक्षस छापला होता.

"मामू, ये देखो. इसकू तीन पंखे हैं. लायटां बी लगतीं. लाल, हरी, नीली."

"मागची बाजू दाखव," मामा म्हणाले.

"मामू, पीछे क्या देखते? सामने देखो ना!"

मी मधे पडलो. "मामा, तीन स्क्रीन, तीन पंखे! हिशेब जुळतो!" असं मी त्या दुकानात बोललो. चार माणसांदेखत. मामांनी माझ्यावर भरवसा ठेवला.

घरी आलो. कार्ड कॅबिनेटमधे जाईना. पंढरपूरच्या म्हशीला कोंबडीच्या खुराड्यात घालायचा प्रयत्न करावा, तसं चाललं होतं. तिरकं केलं, आडवं केलं, ते जाऊन कशावर तरी आदळायचं. शिवाय त्याला वीज पुरवायला वेगळी जाड वायर लागत होती, ती जुन्या कॉम्प्युटरात नव्हतीच. मामांनी ते कार्ड परत खोक्यात ठेवलं आणि टेप घेतली. मला वाटलं कॅबिनेट मोजणार. त्यांनी चौकट मोजली. दोन खोल्यांमधली चौकट, खालून वर, आणि मग नवा मॉनिटर.

"हे कशाला?"

"तू गप बस की. तू पंखे मोज."

दुसऱ्या फेरीला मामांनी मला दुकानाच्या पायरीवरच थांबवलं. आतून आवाज येत होते. "मागची बाजू." "मामू, ये तो..." "मागची बाजू!" अस्लमभाईंनी दुकानातली सगळी कार्डं एका रांगेत पालथी मांडली. मामा हात पाठीमागे बांधून रांगेवरून फिरले आणि कोपऱ्यातल्या एका बारक्या कार्डापाशी थांबले. पंखा नाही, लाइट नाही. पाठीवर वायरी लावायची चार तोंडं, एका ओळीत.

"ये नक्को लेव मामू," अस्लमभाई कळवळून म्हणाले. "इसपे गेम नईं चलती!"

"माझं गेम खेळायचं वय हाय का? मला टॉवेल लावायचाय. ह्याला दारं चार हायत. आत कितीबी मोठा वाडा असू दे, दारं नसली तर माणूस बाहेर कुठनं पडणार?"

अस्लमभाईंनी राक्षसाचं खोकं परत घेतलं. माझ्याकडे बघणं मात्र टाळलं.

मीटिंगच्या दिवशी दुपारी मी मदतीला गेलो. बारकं कार्ड कॅबिनेटमधे असं बसलं की जणू तिथंच वाढलं होतं. दोन मॉनिटर टेबलावर होते, एकावर रंग, दुसऱ्यावर मीटिंग. आणि तिसरा? तिसरा मामांनी चौकटीत ट्रंकेवर उभा केला होता. उभा म्हणजे खरोखर उभा, आडव्याचा उभा करून, सुतळीनं वरच्या खिळ्याला बांधून. तोंड आतल्या खोलीकडे. मामांच्या बाजूला त्याची नुसती काळी पाठ.

"मामा, अहो, तुम्हाला कसं दिसणार?"

"मला काय बघायचंय? मीच काढलाय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "सेठनं तीन सांगितले, तीन झाले. कुठल्या दिशेनं तोंड, ते काय तो सांगितला न्हाय."

मग मला म्हणाले, "आत जा. वायर धरून ठेव, सुतळीवर भरवसा न्हाय." मी ट्रंक ओलांडून आत गेलो, त्यांनी खुर्ची सरकवली आणि चौकट बंद झाली. पुढे स्क्रीन, मागे मोरी, शेजारी मामींची कॉट. संध्याकाळी एका सत्कार समारंभात मला माइक धरायचा होता. मी मामींकडे बघून हसलो. त्यांनी डोळ्यांनीच 'बसा' म्हटलं. आता आम्ही तिघंही खड्ड्यात होतो.

मामांनी बटण दाबलं. टेबलावरचे दोन्ही लागले, त्यांचा उजेड मला फटीतून दिसला. आमचा काळाच.

"लागला का?"

"नाही."

"आता?"

"नाही, मामा."

वायरी हलवल्या, बंद करून परत चालू केलं. काळाच. पलीकडे सेठचा आवाज आला, "येमुल, ऐकू येतंय? मॅडम पाच मिनिटांत येतील. स्क्रीन तिन्ही तयार?" मामांचा आवाज चिरकला, "तयार, सेठ." मग आवाज बंद करून ते हलक्या स्वरात काहीतरी तेलुगूत बोलले. देवाला असावं.

मी अस्लमभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "तीनों तारां कार्ड में हैं ना?" मी फटीतून विचारलं, "मामा, तिन्ही वायरी नव्या कार्डालाच आहेत ना?"

मामा टेबलाखाली वाकल्याचा आवाज आला.

"दोन नव्याला. एक जुन्याला हाय."

"जुन्याला? म्हणजे कॉम्प्युटरच्या जुन्या तोंडाला? पण नव्याला चार तोंडं आहेत की!"

"तुला मागातलं काय कळतंय?" मामा उसळले. "उभ्या धाग्यांचा एक ताणा संपला म्हणून काय सगळे धागे कापून टाकतात? जुन्याची टोकं ठेवायची, नव्याच्या गाठी त्यालाच मारायच्या. सगळं नवं केलं की माग बसतो. म्हणून एक जुन्याला ठेवली. हिची." ते थांबले. "हिची वायर जुन्याला लावली."

फोनवर अस्लमभाईंना यातलं काही कळलं नाही. ते फक्त म्हणाले, "कार्ड बैठा तो पुराना मुँह बंद हुआ. मामू कू बोलो, निकालो उसकू."

मी निरोप दिला. माझ्या हातातली वायर हलली नाही. सेठचा आवाज आला, "मॅडम जॉइन झाल्या." मी मामींकडे पाहिलं. त्या काळ्या काचेत स्वतःलाच बघत होत्या. मग त्यांनी डावा हात जरासा उचलला आणि पुरेसं मोठ्यानं एक शब्द टाकला, "चालु."

पुरे.

मला वायर सैल झाल्याचं जाणवलं. मग पुन्हा ताणली गेली.

इथं मी गोष्ट क्षणभर थांबवतो आणि आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी तुमचं लक्ष भलतीकडे जायला नको. ती ऑर्डर मिळाली. मामांना कारखान्यात जाऊन बसावं लागलं नाही. पुढे कितीतरी टॉवेल त्या चौकटीत उभे राहिले, आणि मामी काठीच्या आधारानं उठू लागल्यावर दोघं लेकीकडे गेली. कॉम्प्युटर सेठनं परत नेला. कार्ड मात्र मामांनी आपलं म्हणून काढून घेतलं आणि टॉवेलात गुंडाळून भिवंडीला नेलं. रिक्षा निघाली तेव्हा मी त्यांच्याच पद्धतीनं दारात उभा राहून वळणापर्यंत पाठमोरं बघितलं. पण मामा आठवले की मला ती रिक्षा दिसत नाही. मला ती चौकट दिसते.

स्क्रीन लागला. सगळा टॉवेल उजळला, पण आडवा पडलेला. मी मान वाकडी केली. मामींनीही उशीवर मान वाकडी केली. पलीकडून मामांनी काहीतरी दाबलं आणि टॉवेल उभा राहिला. अगदी दोरीवर टांगल्यासारखा. पांढरी जमीन, दोन्ही बाजूंना हिरवा काठ, मधे हिरवी वेल. आतल्या खोलीची भिंत, मामींची चादर, माझा शर्ट, सगळं हिरवं झालं.

स्क्रीनच्या कडेला बोटभर फट होती. त्या फटीतून मला मामा दिसत होते. ते कॅमेऱ्याकडे तोंड करून बसले होते, पण डोळे इकडे होते. त्या काळ्या पाठीवरून, फटीतून, मामींच्या हिरव्या पडलेल्या चेहऱ्याकडे. आयुष्यभर कापडाची मागची बाजू बघणारा माणूस तसाच बघत होता.

पलीकडे परदेशी बाई काहीतरी गोड बोलल्या. सेठ पाघळला. "थँक्यू मॅडम! ब्युटिफुल ग्रीन, मॅडम! व्हेरी नॅचरल! येमुल, तुम्हीही बोला!" मामांनी बोलण्यासाठी आवाज चालू केला आणि घसा खाकरला.

माझ्या शेजारी कॉट करकरली. मामी डाव्या कोपरावर उठून बसायला बघत होत्या. ओठ वाकडे होत होते, शब्द आत कुठंतरी अडकला होता आणि त्या तो ओढून बाहेर काढत होत्या. मी पाण्याचा तांब्या उचलला. त्यांनी माझा हात बाजूला सारला, स्क्रीनकडे बोट रोखलं, आणि सेठ, परदेशी बाई आणि अख्खी साखर पेठ ऐकेल अशा आवाजात ओरडल्या,

"ओ! तो हिरवा काढा की आधी! मोरीवर शेवाळ आल्यागत दिसायलाय!"